बाबांच्या प्रश्नांना केरीहून उत्तर

ट्रली, काउंटी केरी, आयर्लंड
7 जानेवारी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी लागोपाठ प्रश्न विचारले आणि मी "पत्रात लिहिते" म्हणून सुटले. नाताळच्या दिवशी तुलाच का ड्यूटी? तिथले लोक एवढे शिकले-सवरलेले, तरी अजून संतांचे दिवस पाळतात? आणि पाळत असतील तर नेमकं करतात काय? आईचा प्रश्न एकच, जेवलीस का. जेवले गं. आता बाबांकडे वळते.

ड्यूटी मीच मागून घेतली होती. 25 डिसेंबरला इथे बस नाही, ट्रेन नाही, दुकानं बंद. घरी बसून काय केलं असतं? ज्यांची लेकरं लहान आहेत त्यांना सुट्टी मिळाली, मला जादा पैसे मिळाले आणि आमच्या नर्सिंग होममधल्या आजी-आजोबांबरोबर 24 ची रात्र मिळाली. मला 25 पेक्षा ती रात्रच जास्त आवडते.

24 च्या संध्याकाळी इथे खिडकीत मेणबत्ती लावतात. आता बहुतेक घरांत विजेची असते, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी पाहिलेली मेणबत्ती मनगटाएवढी जाड असायची. वाण्याकडून आणायची, सलगम पोखरून त्यात उभी करायची, भोवती हॉलीची काटेरी पानं खोचायची. येशूचे आई-बाप, मरिया आणि योसेफ, त्या रात्री आसरा शोधत फिरत होते, त्यांना कळावं की या घरात जागा आहे, म्हणून. दाराला कडी लावायची नाही. मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो, म्हणून जेवायला खारवलेला मासा, पांढरा सॉस आणि बटाटे. जेवण झालं की टेबल पुसून पुन्हा मांडायचं: मनुका घातलेला पाव, दुधाचा जग. रात्री कुणी वाटसरू आला तर उपाशी जायला नको. आई, दिवेलागणीला पुढचं दार लावलं की तू ओरडायचीस ना, ते इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि ती मेणबत्ती घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं लावायची असते. आमच्या होममध्ये खरी ज्योत चालत नाही, अर्ध्या खोल्यांत ऑक्सिजन असतो. म्हणून बॅटरीची मेणबत्ती हॉलच्या खिडकीत ठेवली आणि सगळे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले, धाकटं कोण? एक आजोबा 79 चे, ते लगेच हात वर करून तयार. तेवढ्यात एका आजींनी काठीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ती. ती इथली नाही का?" त्या रात्री इमारतीत सगळ्यांत लहान मीच होते. मग वाईच्या मुलीनं केरीच्या खिडकीतलं बटण दाबलं आणि वीस-पंचवीस म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. 79 वाले आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फुगून होते.

बाबा, तुम्ही म्हणाल, कथा ठीक आहे, इतिहास सांग. इथे लोक सांगतात की कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी घालणारे कायदे होते त्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे, ही मेणबत्ती म्हणजे लपूनछपून फिरणाऱ्या पाद्र्याला खूण असायची की इथे ये, इथे धोका नाही. मला त्यातला अलीकडचा भाग जास्त भिडतो. 1990 मध्ये मेरी रॉबिन्सन राष्ट्रपती झाल्या, या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. त्यांनी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या राष्ट्रपती निवासस्थानाच्या खिडकीत दिवा ठेवला, देश सोडून गेलेल्या सगळ्या आयरिश लोकांसाठी. तो अजून तिथे असतो. ज्या देशातून पिढ्यान् पिढ्या नुसती माणसं बाहेर गेली, तिथे आता आमच्यासारखी माणसं बाहेरून येतात आणि धाकटी म्हणून मेणबत्ती लावतात. हे मी त्या रात्री कुणाला बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि पुढे आठ जणांची औषधं द्यायची होती.

आधीच सांगून ठेवते बाबा, संत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मठ आणि दानपेटी येते. मी इथे जे ऐकते ते बहुतेक चर्चच्या बाहेरचं आहे. उंबऱ्यावर, चुलीपाशी, गोठ्यात घडणारं, आणि बरंचसं बायकांनी नाही तर पोरांनी केलेलं. पाद्रीबुवांना त्यातलं कितीतरी पसंत नव्हतं.

उदाहरणार्थ 26 डिसेंबर. तो सेंट स्टीफनचा दिवस, पण आमच्या काउंटीत त्याला सगळे रेनचा दिवस म्हणतात. रेन म्हणजे चिमणीहून लहान, शेपटी वर करून बसणारा तपकिरी पक्षी, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. पूर्वी पोरं त्याला झुडपांतून हुसकून मारायची, हॉलीच्या फांदीला बांधायची आणि दारोदार गात फिरायची: पक्ष्यांचा राजा मेलाय, त्याच्या मातीसाठी पैसे द्या. या दीड बोटाच्या पक्ष्याला का मारायचं, तर सेंट स्टीफन लपून बसला होता तेव्हा यानं किलबिलाट करून त्याचा ठावठिकाणा फोडला म्हणे. राजा का, तर सगळ्यांत उंच उडेल तो राजा अशी पैज लागली, हा गरुडाच्या पिसांत दडून वर गेला आणि गरुड दमल्यावर त्याच्याहून चार हात वर उडाला. म्हणजे एका गोष्टीत चहाडखोर, दुसरीत लबाड. शिक्षा मात्र खरीखुरी.

आता पक्षी मारत नाहीत, खोटा असतो. मी यंदा मैत्रिणीच्या गाडीतून डिंगलला जाऊन बघून आले. दुपारी बारानंतर गावातल्या वेगवेगळ्या गल्ल्यांचे गट निघतात, प्रत्येकाचे रंग ठरलेले. पुढे ढोल आणि बासऱ्या, मध्ये कापडानं मढवलेला लाकडी घोडा, त्याचा जबडा दोरीनं कटकट वाजवतात आणि बघ्यांच्या टोप्या पळवतात. पेंढ्याचे पोशाख घातलेले लोक तर ओळखूच येत नाहीत. डोक्यावर पेंढ्याचा उंच शंकू, त्यातून चेहरा दिसत नाही, कमरेला पेंढ्याचा घागरा, आणि पाऊस पडत असल्यामुळे सगळ्यातून ओल्या कडब्याचा वास. एकजण माझ्यापाशी येऊन डबा वाजवून गेला. आवाज ऐकून कळलं, आमच्याच होमचा इलेक्ट्रिशियन. जमलेले पैसे आता कुठल्यातरी चांगल्या कामाला देतात; पूर्वी त्याची मेजवानी व्हायची आणि दारू. मला विचाराल तर मेजवानी अजूनही होते.

काल, 6 तारखेला, आई, तुझा सण होता. इथे त्याला नोलिग ना मॉन म्हणतात, बायकांचा नाताळ. बारा दिवस बायकांनी रांधलं-वाढलं, शेवटच्या दिवशी पुरुषांनी चूल सांभाळायची आणि बायकांनी एकमेकींकडे जाऊन चहा-केक खायचा. कॉर्क आणि केरीत हा जास्त टिकला. काल गावातली हॉटेलं नुसत्या बायकांनी भरली होती, तीन-तीन पिढ्या एका टेबलाला. आम्हीही नर्सा मिळून गेलो. पण एका आजींनी मला सकाळीच जमिनीवर आणलं. मी म्हटलं, तुमच्या वेळी किती छान असेल ना. त्या म्हणाल्या, "गाई त्या दिवशी कोण पिळत होतं असं वाटतं तुला?"

त्याच रात्रीची एक रीत ऐकून मला झोप लागली नाही. लव्हाळ्याच्या गाभ्याला चरबी माखून बारीक वाती करायच्या, शेणाच्या गोळ्यात उभ्या खोचायच्या, आणि प्रत्येक वातीला घरातल्या एकेकाचं नाव द्यायचं. मग सगळे भोवती बसून बघणार. जिची वात आधी विझेल, ती व्यक्ती आधी जाणार. लहान पोरांसमोर! याचंच सौम्य रूप 1682 मध्ये सर हेन्री पिअर्स नावाच्या गृहस्थांनी वेस्टमीथ काउंटीबद्दल लिहून ठेवलं आहे: ओटनं भरलेली चाळणी उंचावर ठेवून तिच्यात गोलाकार बारा मेणबत्त्या, मध्ये एक मोठी, म्हणजे येशू आणि त्याचे बारा शिष्य. ते वाचायला सुंदर आहे. शेणाच्या गोळ्याचं मात्र मला खरं वाटतं, कारण जानेवारीत, कमी खाऊन, गार घरात राहणाऱ्या लोकांच्या मनात कोणता प्रश्न असणार?

आता तुमच्यासाठी, बाबा, हेडमास्तरांसाठी म्हणून राखून ठेवलेली गोष्ट. हे सगळं आज एवढं तपशिलात माहीत आहे त्याचं मोठं श्रेय शाळेतल्या मुलांना. 1937 ते 1939 या काळात इथल्या लोककथा आयोगानं प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना एक काम दिलं: निबंधाऐवजी घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहा. सण, औषधं, भुतं, विहिरी, हवामानाचे ठोकताळे, सगळं. सुमारे 5,000 शाळांतली 50,000 च्या आसपास मुलं कामाला लागली आणि 7,40,000 पानांच्या घरात मजकूर जमला. आज तो डब्लिनच्या विद्यापीठात आहे, आणि पानांची चित्रं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात, मुलांच्या हस्ताक्षरासकट, खाली कुणाकडून ऐकलं त्याचं नाव आणि वय.

आमच्याकडच्या एका आजींचा थोरला भाऊ त्या वर्षी सहावीत होता. मी एका रात्रपाळीत टॅबलेटवर शाळेचं नाव टाकून शोधलं आणि त्याची वही सापडली. तिरपं, रेखीव अक्षर, शाईचा एक डाग. मी वाचायला लागले: सेंट ब्रिजिटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी ओढ्यावर जाऊन लव्हाळं उपटून आणतो. आजी उठून बसल्या. "खोटारडा. लव्हाळं मी आणायचे. तो चुलीपाशी बसून हात शेकायचा." ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी! भाऊ कधीच गेला, पण त्या रात्री आजींनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. बाबा, तुमच्यासारख्या मास्तरांनी गोळा केलेलं साहित्य म्हणूनच जरा तपासून घ्यावं लागतं.

मग आजींनीच खरं काय ते सांगितलं, आणि सगळ्या सणांत मला हाच आवडला. 31 जानेवारीच्या संध्याकाळी लव्हाळं आणायचं. कापायचं नाही, हातानं उपटायचं. बोटं चिरतात, पाणी बर्फासारखं. मग ज्यानं आणलं त्यानं भारा घेऊन बाहेर उभं राहायचं, दार बंद, आत सगळं घर. बाहेरून सांगायचं, गुडघे टेका, डोळे उघडा आणि ब्रिजिटला आत घ्या. आतून सगळे म्हणणार, येऊ दे, येऊ दे, तिचं स्वागत आहे. असं तीनदा. मग दार उघडून आत, भारा टेबलाखाली, वर लोण्यानं माखलेले कुटलेले बटाटे. जेवून झालं की त्याच लव्हाळ्याचे क्रॉस विणायचे: मध्ये चौकोन, चार बाजूंना चार हात, टोकं बांधलेली. एक दारावर, एक गोठ्यात. जुना काढायचा नाही, नवा शेजारी खोचायचा, त्यामुळे घर किती वर्षांचं ते आढ्याकडे बघून कळायचं. घराला आग लागू नये म्हणून हा क्रॉस. गवती छप्पर आणि उघडी चूल असलेल्या घरात ही भीती मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

शिवाय एक फडकं किंवा रिबीन रात्रभर बाहेर झुडपावर टाकून ठेवायची. ब्रिजिट रात्री फिरते, ती त्याला हात लावून जाते. ते फडकं वर्षभर जपायचं, डोकं दुखलं की कपाळाला बांधायचं, बाळंतिणीजवळ ठेवायचं, गाय विताना तिच्या पाठीवर टाकायचं. आमच्या आजी तर म्हणतात, रात्री मोजून टाकावं, सकाळी थोडं लांब भरतं. "ओलं झाल्यावर लांबणारच," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं तुम्ही प्रश्न विचारला की आई तुमच्याकडे बघते.

ही ब्रिजिट पाचव्या शतकातली, किल्डेरच्या मठाची प्रमुख. तिच्या नावाची एक देवताही होती, कवींची, वैद्यांची, लोहारांची. दोघींच्या गोष्टी इतक्या मिसळल्यात की वेगळ्या करायच्या भानगडीत आता कुणी पडत नाही. किल्डेरच्या जोगिणींनी तिचा अग्नी शतकानुशतकं तेवत ठेवला होता, त्याभोवतीच्या कुंपणाच्या आत पुरुषाला मज्जाव, असं बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डनं लिहून ठेवलंय. 1993 मध्ये तिथे तो पुन्हा पेटवला. आणि 2023 पासून ब्रिजिटच्या नावानं सरकारी सुट्टी आहे, बहुतेक वर्षी फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी. इथल्या दुसऱ्या मोठ्या संताला, पॅट्रिकला, कधीपासून होती, बाईला आता मिळाली. इथून अर्ध्या तासावर किलऑर्ग्लिनला त्या सुमारास पेंढ्याच्या टोप्या घालून, ब्रिजिटची बाहुली घेऊन गट फिरतात. यंदा जायचा बेत आहे. तिनं म्हणे वचन दिलंय, माझ्या दिवसापासून एक दिवसाआड हवा चांगली राहील. केरीत राहून सांगते, हे वचन पाळलं जात नाही.

तुम्हाला सगळंच गोडगोड वाटू नये म्हणून नोव्हेंबरचं सांगते. 10 तारखेच्या रात्री, सेंट मार्टिनच्या आदल्या दिवशी, कोंबडा कापायचा आणि त्याचं रक्त उंबऱ्यावर आणि घराच्या चारी कोपऱ्यांत शिंपडायचं. कापसाचा बोळा त्यात भिजवून दुखण्याखुपण्यासाठी ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी कुठलंही चाक फिरवायचं नाही, ना सूतकताईचं, ना गिरणीचं, ना गाडीचं, कारण मार्टिनला गिरणीत चिरडून मारलं अशी समजूत. खरा मार्टिन फ्रान्समध्ये तूरचा बिशप होता, 397 मध्ये म्हातारा होऊन मेला, आणि आयर्लंडला त्याचे पाय कधी लागले नाहीत. हे मी एका आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण कोंबड्याचा रस्सा फार चांगला व्हायचा." गरीब घरात वर्षातून मोजक्या वेळा मांस शिजायचं, त्यातली ती एक रात्र. बाबा, तुमच्या "शास्त्र काय" या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आणि आता आईचं पार्सल. किलार्नीच्या पुढे कॉर्कच्या रस्त्यावर बॅलीव्हर्नी नावाचं गाव आहे. तिथली संत गोब्नेट, मधमाश्यांची राखणदार, तिचा दिवस 11 फेब्रुवारी. चर्चमध्ये तिची मध्ययुगातली छोटी लाकडी मूर्ती आहे, चेहरा झिजून गेलेला. त्या दिवशी लोक रिबिनी घेऊन रांगेत उभे राहतात. मूर्तीच्या उंचीइतकी रिबीन तिच्यावर धरायची, मग तिच्याभोवती गुंडाळायची आणि घरी नेऊन दुखऱ्या जागी बांधायची. आमच्या वॉर्डातल्या एक बाई दर वर्षी गठ्ठाभर आणतात. तुझ्या गुडघ्यांबद्दल मी सहज बोलले तर गेल्या फेब्रुवारीतली एक निळी रिबीन काढून दिली, "आईला पाठव" म्हणून. या पाकिटात आहे. गुडघ्याला सैल बांध, रात्री काढून ठेव. बाबा, तुम्ही काही बोलायचं नाही, ती मला प्रेमानं मिळालीय आणि तिला पैसे पडलेले नाहीत. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले व्यायाम मात्र रिबीन बांधून झाल्यावरही करायचे आहेत, सकाळ-संध्याकाळ, आणि तुम्ही समोर बसून करून घ्यायचे.

लव्हाळ्याचा क्रॉस फेब्रुवारीत विणला की फोटोच पाठवीन. वाळलं गवत पोस्टानं पाठवलं तर कस्टमवाले अडवतील. एक्स-रेचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर टाका, पूर्ण पान येऊ दे, मागच्या वेळी खालच्या चार ओळी कापल्या होत्या. आणि बाबा, पुढचं पत्र तुमचं. पाचवडच्या आत्याकडून जुनं काय-काय कळलं ते लिहा, खाली तिचं नाव आणि वय टाकायला विसरू नका.

तुमची,
मनू